फ्यूज होता, तरी वायर जळाली: गाडीत फोन आणि वायरलेस सेट बसवताना

(दिवाळीच्या सुट्टीत शिरड शहापूरला, आमच्या गल्लीतल्या आणि कॉलेजच्या पोरांसमोर केलेलं हे बोलणं. रेकॉर्डिंग फोनवरच केलंय, त्यामुळे मधेमधे ट्रॅक्टर आणि फटाके ऐकू येतात. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीसारखं इथे लिहून काढलंय. थोडं साफ केलंय, पण बोली तशीच ठेवलीय.)

मागच्या वेळी मी ॲपच्या परमिशनवर बोललो होतो, तेव्हा तुमच्यातले अर्धे जण झोपले होते. आज झोपणार नाही, कारण आज मी माझीच चूक सांगणार आहे.

श्रावणातला सोमवार होता. मी पुण्यात, रात्री साडेनऊला लॅपटॉप उघडून बसलेलो. आई-बाबा औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेले होते, गाडी घेऊन. बाबांचा फोन आला. आवाज एकदम शांत. म्हणाले, "आम्ही दोघं बरे आहोत. आधी ते ऐक. गाडीतून धूर निघाला. तू बसवलेल्या त्या रेडिओची वायर जळाली. आता बंद झालंय सगळं. रस्त्याच्या कडेला थांबलोय, पाऊस आहे."

पुढचं मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी तीन वेळा विचारलं, आई कुठंय, आई कुठंय. ती बाजूलाच छत्री धरून उभी होती.

ती वायर मी माझ्या हाताने टाकली होती. कोणा मेकॅनिकने नाही, कोणा दुकानदाराने नाही. मी, बीटेक, पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर. तर आज गाडीत फोन, चार्जर, डॅशकॅम, वायरलेस सेट वगैरे बसवताना काय बघायचं, हे त्या वायरीच्या निमित्ताने बोलू.

आता तुम्ही विचाराल, गाडीत वायरलेस सेट कशाला लागतो? फोन आहे की.

21 मार्च 2024 ची सकाळ तुमच्यातल्या प्रत्येकाला आठवत असेल. सहा वाजून काही मिनिटांनी पहिला धक्का बसला, 4.5 रिश्टरचा, आणि दहा-अकरा मिनिटांत दुसरा, 3.6 चा. केंद्र आपल्याच हिंगोली जिल्ह्यात. जुलैत, 10 तारखेला, परत 4.5 चा. मार्चमध्ये मी पुण्यात होतो. घरी फोन लावला तर लागेना. एका वेळी सगळ्यांनीच फोन लावला की टॉवर भरून जातो, त्यात कंपनीचाही दोष नाही. टॉवरची क्षमता रोजच्या गर्दीच्या हिशोबाने ठरवलेली असते. अर्ध्या तासाने लागला. तो अर्धा तास मला पुरला.

त्यानंतर मी हॅम रेडिओच्या मागे लागलो. हॅम म्हणजे हौशी वायरलेस. यात टॉवर नसतो, सिम नसतं. माझा सेट थेट तुमच्या सेटशी बोलतो. 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हॅमवाले तिकडे जाऊन निरोप पोचवत होते. 2004 च्या त्सुनामीत अंदमानात पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद नावाच्या हॅम ऑपरेटरने संपर्क चालू ठेवला होता, तो किस्सा शोधून वाचा, भारी आहे. मी परीक्षा दिली, लायसन्स काढलं, आणि उन्हाळ्यात गावी आल्यावर बाबांच्या गाडीत 50 वॉटचा सेट बसवला. म्हटलं, टॉवर गेला तरी निदान मी गावात असताना गाडीतून कोणाशी तरी बोलता येईल.

दोन तासांत बसवला. इथेच खरं तर शंका यायला हवी होती.

काय काय केलं ते सांगतो. सेटसोबत कंपनीची जाड, फ्यूजवाली केबल येते. ती बॅटरीपर्यंत पुरेना. मग मी ती कापली आणि पुढे घरात पडलेली वायर जोडली. कुठली? गणपतीत लायटिंगला वापरलेली, 0.75 ची. इंजिनच्या खोलीतून आत यायला मधे जो पत्रा असतो, त्याला फायरवॉल म्हणतात. त्याला एक रिकामं भोक दिसलं, त्यातून वायर ओढून घेतली. जोडाला काळी टेप गुंडाळली. बॅटरीच्या टर्मिनलला तारा पिळून बोल्टाखाली दाबल्या. आणि सेट डबल टेपने डॅशबोर्डवर चिकटवला, डावीकडे, कारण उजवीकडे बाबांच्या नजरेत येत होता.

चालू झाला. दिवा लागला. मी स्टेटस टाकलं.

नंतर एक गंमत व्हायची. मी बोलायला बटण दाबलं की समोरचा म्हणायचा, आवाज तुटतोय. मी अँटेनाला दोष दिला, अँटेना दोनदा बदलली. खरं कारण वायर होती आणि गणित आठवीचं आहे. 0.75 स्क्वेअर एमएम तांब्याच्या तारेला दर मीटरला साधारण 0.0245 ओहम विरोध असतो. बॅटरीपासून सेटपर्यंत चार मीटर जायला, चार यायला, म्हणजे आठ मीटर. झाले 0.2 ओहम. ऐकताना सेट अर्धा अँपिअर घेतो, तेव्हा काही कळत नाही. बोलताना घेतो दहा अँपिअर. दहा गुणिले 0.2, दोन व्होल्ट वायरीतच गेले. बॅटरी साडेबाराची, सेटला मिळाले साडेदहा. आणि ते दोन व्होल्ट गुणिले दहा अँपिअर, म्हणजे 20 वॉट, वायर गरम करण्यात. सोल्डरिंग गन एवढ्याच वॉटची असते बघा. चार स्क्वेअर एमएमची वायर टाकली असती तर हेच नुकसान अर्ध्या व्होल्टच्या आत राहिलं असतं. आवाज तुटत होता तेव्हा गाडी मला सांगत होती, वायर बारीक आहे. मी ऐकलं नाही.

पण आग त्यामुळे लागली नव्हती. त्या रात्री सेट बंद होता. मी पुण्यात, लायसन्स माझं, त्यामुळे माझ्यामागे सेटला कोणी हात लावत नाही. सेट बंद, आणि तरी वायर जळाली. कशी?

दुसऱ्या दिवशी मी रातोरात गावी आलो आणि गाडी टोचन करून वसमतला नेली, गाड्यांचं वायरिंग करणारे एक चाचा आहेत त्यांच्याकडे. त्यांनी बोनेट उघडलं, बॅटरी लावलेली काळी वायर बोटाने उचलली, म्हणाले, "हे कोणी केलं?"

मी म्हणालो, "मीच, चाचा."

"तू तर इंजिनेर हाईस म्हणं."

"कॉम्प्युटरचा, चाचा."

"मग बरोबर हाय."

मग त्यांनी मला दाखवलं. फायरवॉलच्या त्या भोकाची कड म्हणजे कापलेला पत्रा, सुरीसारखी. मे ते ऑगस्ट, आपल्या रस्त्यांवरून गाडी हादरत होती आणि वायर त्या कडेवर घासत होती. पावसाळ्यात खड्डे वाढले. त्या रात्री प्लास्टिक कापलं गेलं आणि आतलं तांबं पत्र्याला टेकलं. गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो. म्हणजे झाला शॉर्ट. गाडीची बॅटरी स्टार्टर फिरवायला शेकडो अँपिअर देते, तेवढी ताकद त्या लायटिंगच्या वायरीत शिरली.

मी म्हणालो, "पण चाचा, फ्यूज होता ना."

त्यांनी डॅशबोर्डखालून फ्यूज काढून माझ्या हातावर ठेवला. अगदी चांगला, नवा कोरा. उडालाच नव्हता.

मी कंपनीची केबल कापून पुढे वायर जोडली, तेव्हा फ्यूज राहिला सेटच्या जवळ. शॉर्ट झाला बॅटरी आणि फ्यूजच्या मधे. तो करंट फ्यूजपर्यंत गेलाच नाही, मग फ्यूज उडणार कसा? मला वर्षानुवर्षं वाटायचं की फ्यूज सेटला वाचवतो. सेटच्या आत त्याची स्वतःची सोय असते. बाहेरचा फ्यूज वायरीसाठी असतो. म्हणून तो बॅटरीपाशी हवा, पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरावर, त्याच्या आत असला तर आणखी चांगलं. त्या वीतभर वायरीला काही झालं तर राखण कोणी नाही, त्यापुढच्या सगळ्या वायरीला आहे. हे कुठल्याही गोष्टीला लागू आहे: ॲम्प्लिफायर, हॉर्न, जादाचे दिवे, ट्रॅक्टरवरचा डेक. आपल्या गावात जेवढ्या ट्रॅक्टरवर बॉक्स आणि डेक आहेत, त्यातल्या किती जणांचा फ्यूज बॅटरीपाशी आहे? आज घरी जाऊन बघा.

बाबांनी त्या रात्री काय केलं ते पण सांगतो, कारण ते माझ्यापेक्षा हुशार निघाले. जळका वास आला तसं गाडी कडेला घेतली, किल्ली काढली, आईला आधी खाली उतरवलं. धूर थांबेना. किल्ली काढून थांबणारच नव्हता, कारण वायर थेट बॅटरीला, किल्लीचा तिच्याशी संबंधच नाही. त्यांनी डिकीतून दहा नंबरचा पाना घेतला, बोनेट उघडलं आणि आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडलं. आधी निगेटिव्हच का? पॉझिटिव्ह सोडताना पाना चुकून पत्र्याला लागला तर पान्यातूनच शॉर्ट होतो. निगेटिव्ह एकदा सुटलं की काळजी नाही. हे त्यांना एका ट्रक ड्रायव्हरने कधीतरी सांगितलं होतं म्हणे.

एक मात्र सांगून ठेवतो. नुसता धूर होता म्हणून त्यांनी बोनेट उघडलं, आणि तोही धोकाच होता. ज्वाळा दिसत असतील तर बोनेट उघडायचं नाही. हवा मिळते आणि आग तोंडावर येते. सगळ्यांना उतरवायचं, लांब जायचं, 112 लावायचा. गाडी परत घेता येते.

आणि त्या रात्री 112 ची गरज पडली नाही, पण मला फोन मात्र लागला, पहिल्या रिंगला. टॉवर गेला तर कामाला येईल म्हणून बसवलेला सेट जळाला आणि निरोप आला मोबाईलवरून. चाचांना हे सांगितलं तर ते पाच मिनिटं हसत होते.

हसून झाल्यावर त्यांनी आत वाकून डॅशबोर्ड बघितला, आणि त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "इथं कोण बसतं?"

"आई."

त्यांनी सेट चिकटवलेल्या जागी बोट ठेवलं. तिथे प्लास्टिकवर बारीक अक्षरं कोरलेली असतात: एसआरएस एअरबॅग. मी रोज ती अक्षरं बघत होतो. सव्वा किलोचा लोखंडी डबा मी आईच्या समोरच्या एअरबॅगच्या झाकणावर चिकटवला होता.

वायरीचं जळणं मी एकवेळ पचवलं. हे अजून पचलेलं नाही.

एअरबॅग म्हणजे उशी हळूहळू फुगते असं आपल्या डोक्यात असतं. ती साधारण 30 मिलिसेकंदांत फुगते. पापणी लवायला याच्या तिप्पट तरी वेळ लागतो. झाकण फाडून ती ताशी 200 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने बाहेर येते, आणि झाकणावर जे काही असेल ते घेऊनच येते. फोन असो, होल्डर असो, देवाची मूर्ती असो, अत्तराची बाटली असो. भारतात नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग 1 जुलै 2019 पासून सक्तीची आहे, बाजूच्या सीटची 2021 पासून. म्हणजे तुमच्या घरी गेल्या चार-पाच वर्षांतली गाडी असेल तर डाव्या बाजूच्या डॅशबोर्डमध्ये ती आहेच. मूर्ती ठेवायची तर मधे ठेवा, चिकटवून, लहान.

मोठ्या मॉडेलमध्ये बाजूच्या पडदा-एअरबॅगही असतात, काचेच्या कडेच्या खांबात आणि छताच्या कडेला. डॅशकॅमची वायर आपण त्याच खांबाच्या प्लास्टिकमध्ये कोंबतो. कोंबताना ती एअरबॅगच्या पुढून गेली तर फुगताना अडवते. वायर मागून घ्यायची, किंवा ज्याला माहिती आहे त्याच्याकडून टाकून घ्यायची. आत कुठेही पिवळा कनेक्टर किंवा पिवळी वायर दिसली तर ती एअरबॅगची. तिला हात लावायचा नाही, टेस्टर लावायचा नाही, तिच्यातून करंट घ्यायचा तर विचारही नाही. इलेक्ट्रिक गाडीत जाड नारिंगी केबल असते, ती शेकडो व्होल्टची. तिच्यापासून तर लांबच.

एअरबॅग नसलेली जुनी गाडी असली तरी डबल टेप चालत नाही. समोरासमोर धडकेत सुटी वस्तू स्वतःच्या वजनाच्या तीस-चाळीस पट जोराने पुढे जाते. सव्वा किलोचा सेट म्हणजे चाळीस-पन्नास किलोचा धक्का. टेप काय करणार? त्यात आपल्याकडचा मे महिना. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर कुठला गोंद टिकतो सांगा. सेट ब्रॅकेटने आणि स्क्रूने बसवायचा, खाली, गिअरच्या पुढे किंवा सीटखाली. स्क्रू मारायच्या आधी मागे काय आहे ते हाताने चाचपायचं. सीटखाली पेट्रोलची नळी किंवा वायरिंगचा जुडगा असू शकतो.

दुसऱ्यांदा चाचांनी आणि मी मिळून बसवलं, पूर्ण एक दिवस लागला. चार एमएमची वायर. टोकाला थिंबल दाबून, वर हीट श्रिंक स्लीव्ह, काळी टेप कुठेच नाही, कारण उन्हाळ्यात तिचा गोंद वितळतो आणि ती सुटते. बॅटरीपाशी 15 अँपिअरचा फ्यूज, पाणी न शिरणाऱ्या होल्डरमध्ये. फायरवॉलच्या भोकाला रबरी ग्रोमेट, दहा-वीस रुपयांचं. या एका रबराने माझी ऑगस्टमधली ती रात्र वाचली असती. वायरीवर नालीदार पाइप, इंजिनच्या गरम भागापासून आणि फिरत्या पट्ट्यापासून लांब, दर वीतभर अंतरावर केबल टाय.

निगेटिव्हसाठी चाचांनी एक गोष्ट दाखवली जी मला माहीत नव्हती. आजच्या बऱ्याच गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा डबा असतो, तो बॅटरीतून किती करंट गेला ते मोजतो. आपली वायर थेट टर्मिनलवर लावली तर त्या मोजमापाला हा करंट दिसतच नाही आणि गाडीचं चार्जिंगचं गणित चुकतं. म्हणून निगेटिव्ह वायर बॉडीला, जिथे कंपनीने अर्थ दिलाय तिथे, रंग खरवडून घट्ट.

अँटेना छताच्या मधोमध. आपल्याकडे हॅमचा एक पट्टा 144 ते 146 मेगाहर्ट्झचा आहे, त्याची पाव तरंगलांबी अर्धा मीटर येते, म्हणून अँटेनाचा गज जवळपास तेवढाच. छताचा पत्रा तिला आरशासारखा उपयोगी पडतो आणि आत बसलेल्यांपर्यंत कमी लहरी येतात. बॉनेटवर किंवा मागच्या डिकीला लावली की दोन्ही फायदे कमी होतात. गाडीला टेकून कोणी गप्पा मारत उभं असेल तर बटण दाबायचं नाही, 50 वॉट म्हणजे खेळणं नाही.

ट्रकवाल्यांसाठी एक वाक्य: तुमची गाडी 24 व्होल्टची, सेट 12 चा. मधे कन्व्हर्टर नसेल तर सेट गेलाच समजा.

आता फोन. हे सगळ्यांचं.

फोनला जास्त करंट लागत नाही, सॉकेटचा चार्जर पुरतो. पण शंभर रुपयांचा नाव नसलेला चार्जर घेऊ नका. तो गरम होतो, आणि माझ्या सेटमध्ये तर त्याच्यामुळे सतत खरखर यायची. कोण खरखर करतंय हे शोधायला मी एकेक गोष्ट बंद करत गेलो, शेवटी चार्जर निघाला. होल्डर कुठे? एअरबॅगच्या झाकणावर नाही, स्टिअरिंगच्या मधोमध नाही, आणि समोरच्या रस्त्याच्या आड नाही. एसीच्या जाळीवर, मधल्या बाजूला, मला सगळ्यात बरं वाटतं. फोन थंड राहतो. ॲपल आपल्या फोनसाठी वापराचं तापमान शून्य ते 35 अंश सांगते. हिंगोलीच्या मेमध्ये सावलीतच चाळीसच्या वर असतं, काचेमागे किती होईल बघा. बंद गाडीत उन्हात फोन ठेवून जाऊ नका. बॅटरी फुगलेला फोन गाडीत चार्जिंगला तर अजिबात लावू नका.

बाईकवाल्यांनो, हसू नका. ॲपलनेच 2021 मध्ये सांगितलंय की मोठ्या इंजिनच्या बाईकच्या हँडलवर फोन बसवला तर हादऱ्यांनी कॅमेऱ्यातली स्थिर ठेवणारी यंत्रणा खराब होऊ शकते. हँडलवर लावायचाच असेल तर रबर डँपर असलेला होल्डर घ्या.

कायदा काय म्हणतो? 1 ऑक्टोबर 2020 पासून नियम असा, की चालवताना फोन फक्त रस्ता बघायला वापरता येतो, तोही ड्रायव्हरचं लक्ष विचलित न होता. बाकी हातात धरून वापरणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये धोकादायक चालवणं धरलं जातं. पहिल्यांदा 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. पण दंड सोडा. ताशी 60 ने जाताना तुम्ही दोन सेकंद स्क्रीनवर बघितलं तर गाडी 33 मीटर आंधळी गेली. आपल्या वसमत रोडवर 33 मीटरात हळदीची ट्रॉली असते, तीही मागे लाल दिवा नसलेली.

म्हणून मॅप गाडी सुरू करायच्या आधी लावायचा. आणि वायरलेसचा माईकही हातातच धरावा लागतो, त्यामुळे मी चालवताना फक्त ऐकतो. बोलायचं असेल तर गाडी कडेला.

आता ज्या प्रश्नासाठी निम्मे जण आलेत: ऑनलाइन वॉकीटॉकी मिळतो, घेऊ का? पाच मित्र, दोन गाड्या, कोकण ट्रिप. मला समजतं. पण सेट विकत मिळतोय म्हणजे चालवायला परवानगी आहे असं नाही. आपल्या देशात वायरलेस लहरी सरकारच्या ताब्यात, दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी विंग लायसन्स देते. बिनलायसन्स चालणारा एक छोटा पट्टा आहे, 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ, कमी ताकदीच्या आणि मान्यता मिळालेल्या सेटसाठी. दुसरा 27 मेगाहर्ट्झच्या आसपासचा सिटिझन बँड, पाच वॉटपर्यंत. स्वस्तातले जे बहुतेक चिनी सेट दिसतात ते या पट्ट्यांबाहेर कुठेही बोलतात, पोलिसांच्या, विमानांच्या पट्ट्याजवळही. 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कारणावरून ऑनलाइन विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांना नोटिसा दिल्या आणि नियमावली काढली. त्यामुळे घेताना दोनच गोष्टी विचारा: कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, आणि मान्यतेचा कागद आहे का. दुकानदार "सगळ्यावर चालतो" म्हणाला तर परत या. आणि मोठा सेट हवा असेल तर माझ्यासारखी परीक्षा द्या, अवघड नाही. लायसन्स आल्यावर गाडीतून चालवण्याच्या अटी त्यात वाचून घ्या.

एक शेवटचं, आपल्या भागासाठी. विहिरीचं काम चालू असतं, सुरुंग लावलेले असतात. विजेवर उडणाऱ्या कॅपच्या वायरी जमिनीवर पसरलेल्या असतात, आणि त्या वायरी म्हणजे अँटेनाच. जवळून जाताना कोणी वायरलेसवर बोललं तर त्यात करंट तयार होऊन कॅप उडू शकते. जगभर खाणींच्या रस्त्यावर "वायरलेस बंद करा" अशा पाट्या असतात त्या याचसाठी. आपल्याकडे विहिरीवर पाटी कोण लावतं? तेव्हा क्रेन आणि माती दिसली की सेटचा स्विच बंद. पेट्रोल पंपावरही तेच.

(इथे एकाने विचारलं, "दादा, आता काकू त्या सीटवर बसतात का?")

बसते. पहिल्या दिवशी तिने डॅशबोर्डवरून हात फिरवून बघितला, काही चिकटवलंय का म्हणून. मग बसली. बाबांनी मात्र त्यांची अट घातलीय: बॅटरीपाशी सेटच्या वायरीला एक कट-ऑफ स्विच, आणि मी पुण्याला निघालो की तो बंद करूनच जायचं. पहिल्यांदा विसरलो होतो, तर परभणीपर्यंत पोचल्यावर फोन आला.

तर, येत्या रविवारी सकाळी नऊला इथेच या. चाचा येणार आहेत वसमतहून, मी चहाचं बघतो. ज्यांच्या गाडीत, ट्रॅक्टरवर डेक, जादाचे दिवे, कॅमेरा असं काही बसवलंय त्यांनी गाडी आणा, बोनेट उघडून बघू फ्यूज कुठे आहे ते. ग्रोमेट आणि फ्यूज होल्डर मी आणून ठेवलेत, त्याचे पैसे द्यायचे. दहा नंबरचा पाना ज्याचा त्याने आणायचा.